चिरून धुतलेली भाजी

“ज्याचं ताट हिरवं, त्याचं रक्त लाल! हे माझं नव्हे, निसर्गाचं वचन आहे!” आहारसल्लागार व्यासपीठावरून गरजले आणि पुढच्याच वाक्याला शिळ्या जुडीसारखी मान टाकून खाली बसले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट घेऊन घरी आले.

“फोलेट तळाला. क जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. हिरड्यांतून रक्त येतंय ते त्यामुळेच.”

“म्हणजे बाराखडीचं पहिलं अक्षरसुद्धा पोटात गेलं नाही माझ्या लेकाच्या!” सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

सून लाजेने अर्धी झाली. नवऱ्याने जगाला पालकाचे धडे द्यावेत आणि त्याच्याच घरात हा दुष्काळ! सहा वर्षं डबा तीच भरत होती. पालक, मोडाची कडधान्यं, वर लिंबाची फोड. डबा परत यायचा तो चाटूनपुसून, शिवाय धुऊन. घरी पाण्याचा पेला न विसळणारा माणूस आपला डबा धुऊन आणतो, याचं तिला केवढं अप्रूप! रात्री मात्र ‘दुपारचंच अंगावर आलंय’ म्हणत ते चहात टोस्ट बुडवायचे. खिशात बिस्किटांचा चुरा सापडायचा. ती म्हणे बैठकांची कृपा.

“भाजी धुऊन चिरता, की चिरून धुता?” डॉक्टरांनी विचारलं.

“चिरून... धुते.”

“आणि उकळलेलं पाणी?”

“मोरीत ओतते.”

“मग जीवनसत्त्वं मोरीलाच मिळाली.”

“तरीच मेली कधी तुंबत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. धडधाकट माणूस आपण आपल्या हातांनी वाळवला!

“चुकलं माझं,” ती पुटपुटली.

सल्लागारांनी छताकडे बघत उसासा सोडला. “असू दे गं. मी मनात काही ठेवत नाही.”

त्या मोठेपणाने तर तिला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पालक आधी धुतला, मग चिरला. झाकण ठेवून शिजवला. पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नाही. तेवढ्यात बेल वाजली. दारात साहेबांच्या कचेरीचा पहारेकरी. गाल टोमॅटोसारखे, बाह्या दंडांवर तटतटलेल्या.

“कसे आहेत साहेब?”

“आठ दिवस रजा सांगितलीय. माझ्यामुळेच झालं सगळं,” ती खाली मान घालून म्हणाली.

पहारेकऱ्याने स्वयंपाकघराच्या दिशेने एक खोल श्वास घेतला.

“होतील हो बरे. पण वहिनी, हे आठ दिवस माझा डबा तेवढा चालू ठेवाल का? धुऊन देतो की मी रोज.”