वलंदेजाची बायको

"मंगळवारी कबर उघडतोय, मास्तर. येताय ना?" जगदेवरावांनी ओट्यावरूनच विचारलं.

हेरंबांनी पेन खाली ठेवलं. "समाला?"

"मग काय लंडनला? सोसायटीचा पाया नेमका तिथंच आलाय. हाडं निघतील ती मिशनच्या कब्रस्तानात न्यायची. बाईचं चरित्र लिहिताय, अन् बाईला भेटायला नको?"

"बघतो."

"तमे तो जोया ज करजो! बघतच बसा तुम्ही!" हसत जगदेवरावांनी सायकलवर टांग टाकली. बांधकामावर मुकादमी करणारा हा माणूस हेरंबांचा जुना विद्यार्थी होता, म्हणून एवढं बोलायचा.

हेरंब शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या बाईच्या मागे लागले होते. तीनशे वर्षांपूर्वी बडोद्यात वलंदेजांची, म्हणजे डचांची वखार होती. शहराबाहेरच्या समा गावी शेतातल्या कबरीच्या दगडावर एवढंच कोरलेलं होतं: कॉर्नेलिया, वखारीतल्या पीटरची पत्नी, दोन मुलांची आई, तापाने गेली. बाकीचं सगळं हेरंबांनी रचलं. ती कोवळ्या वयात सुरतेला जहाजातून उतरली. निळीच्या आणि कापडाच्या वासात संसार मांडला. एक तान्हं मूल इथल्याच मातीत पुरलं, कारण शेजारी एक लहान कबर होती. नवरा भरूचला गेला की गच्चीवर उभी राहून वाट बघायची. लिहिताना खरं वाटायचं; वाचताना सगळं खोटं. आणि दर वेळी तिच्या मरणापाशी आलं की हात थांबायचा. ती कशी गेली ते कळल्याशिवाय पुस्तक पुरं होणार नव्हतं.

"तिला कैरीचं लोणचं आवडायचं म्हणून लिहिलंय तुम्ही," पत्नी कमलाबाई आतून म्हणाल्या. "परक्या बाईची आवडनिवड बरी ठाऊक!"

"कल्पना केली."

"घरातल्यांची पण करावी कधी."

भिंतीवर प्रेमलाचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. मुलीचे विधी हेरंबांच्या वडिलांनी चांदोदला, नर्मदेकाठी केले होते. देह नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा अग्नीला दिला. हेरंब शेजारी उभे होते. एक शब्द बोलले नव्हते. आता वडीलही राहिले नव्हते. पण संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की हेरंबांना वाटायचं, तीच. मग अंगणात पावलं ऐकू यायची. ते मान वर करायचे नाहीत. मान वर केली की पावलं थांबायची.

समाला प्रेमलाचं सासर, तिनंच निवडलेलं; दारात कडुनिंब आहे एवढंच हेरंबांना ठाऊक. त्या बाजूला हेरंब कधी गेले नाहीत. कमलाबाई मात्र दर मंगळवारी समाच्या देवीला जायच्या, नैवेद्याचा डबा घेऊन. डबा रिकामा परत यायचा.

"अहो, माझे गुडघे धरलेत," मंगळवारी त्या म्हणाल्या. "जाताच आहात तर देवीचा डबा न्या."

"जातो कुठं म्हणालो मी?"

कमलाबाईंनी झाकण घट्ट लावलं. डबा त्यांच्या हातात ठेवला. गरम होता.

समाच्या शेतात मजुरांनी आधी शेजारची लहान कबर उघडली. काळ्या मातीत चिमुकली हाडं, अजून शाबूत. मग कॉर्नेलियाची. पेटीचं लाकूड कुजून गेलं होतं, खिळे उरले होते. आत ओळीनं रचलेल्या विटा होत्या. विटांवर बायकी बुटांची पितळी बक्कलं. हाड एकही नाही.

"विटा?" जगदेवराव वाकून बघत म्हणाले. "विटा कशाला पुरल्या, मास्तर?"

"खांदा देणाऱ्यांना वजन लागावं म्हणून." हेरंबांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "बाई मेलीच नव्हती. निघून गेली असेल. इथल्याच कुणाबरोबर तरी."

"अन् नवऱ्यानं सांगितलं, तापानं मेली?"

"त्याच्या लोकांत तेवढंच सांगता येत असेल."

"पण पोरं होती ना तिची?"

"ती फुलं वाहायला येत असतील. विटांना."

"आणि बाई?"

"असेल जवळपासच. लांबून बघत असेल स्वतःची कबर."

"असं नका बोलू, मास्तर. भरदुपारी अंगावर काटा आला."

हेरंबांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग त्यांनी विचारलं, "इथं देवीचं देऊळ कुठं आहे रे?"

"देऊळ? समाच्या या अंगाला देऊळ नाही. शेतं आहेत, अन् ती पलीकडे चार घरं."

हेरंबांनी मान हलवली, जणू त्यांना ते ठाऊकच होतं. डबा छातीशी धरून ते घरांकडे चालू लागले. कडुनिंबाखालच्या दाराशी थांबले, परत फिरले, पुन्हा आले. शेवटी कडी वाजवली. आतून पावलं ऐकू आली, आणि या वेळी हेरंबांनी मान वर केली.

"आले गं आई, आज किती उशीर केलास!" म्हणत प्रेमलानं दार उघडलं.