शेवटचा वेढा

"नको म्हटलं ना! दूध कडू होईल त्याचं," म्हणत मृणालीने गोळ्यांचं पाकीट पडवीत भिरकावलं.

बाळ सव्वा महिन्याचं झालं, पण ती एकदाही हसली नव्हती. ते रडलं की कान झाकायची, नाहीतर माडांकडे बघत बसायची. अंगावर पाजतानाही या गोळ्या चालतात, हे रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला परोपरीने सांगितलं होतं. पण ऐकतंय कोण! असल्या गोळ्या खाते ती वेडी, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलेलं. नवरा बोटीवर, आई लहानपणीच गेलेली. सगळी मदार सासूवर.

येसूबाईंनी पाकीट उचलून कनवटीला लावलं. सुनेशी वाद घातला नाही.

"बरं बाय. काढा तरी घेशील?"

"तो घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाण निघाली. काडेकिराईताच्या कडूजहर पाण्यात येसूबाई एकेक मुळी उगाळू लागल्या. शतावरीचे सात वेढे, अश्वगंधेचे पाच, वेखंडाचा एक. मग त्यांनी सहाण घेऊन सुनेकडे पाठ केली.

"आता शेवटचा. तो कुणी बघायचा नाही, गुण जातो."

"कसला हो, आई?"

"नाव घेतलं तरी जातो. गप पी."

पहिले तीन आठवडे काही फरक नाही. येसूबाई मात्र हटल्या नाहीत. महिन्यातून एकदा 'मुळ्या आणायला' एसटीने रत्नागिरीला जायच्या आणि सांजेला परत यायच्या. चौथ्या आठवड्यात मृणालीने आपणहून वेणी घातली. मग एक दिवस बाळ शिंकलं आणि ती खुदकन हसली. येसूबाई चुलीपाशी जाऊन पदर तोंडात धरून रडल्या.

पुढे सून सगळ्या वाडीला सांगत सुटली, "गोळ्याबिळ्या काही नाही हो, आईंच्या मुळ्यांनी उठले मी!"

"पुरे गो," येसूबाई म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

श्रावणात मृणालीला खेडहून धाकट्या बहिणीचा, सानिकाचा फोन आला. तिचीही पहिलीच वेळ, दोन महिन्यांचं बाळ.

"ताई, त्याला जवळ घ्यावंसंच वाटत नाही गं. गोळ्या चालू आहेत, पण डोकं जड होतं. मी वाईट आहे का गं?"

हे सगळं मृणालीने भोगलेलं.

"खुळी आहेस का? टाक त्या गोळ्या. मी पाठवते औषध."

येसूबाई त्या दिवशी रत्नागिरीला गेलेल्या. मृणालीने मुळ्यांची पुरचुंडी बांधली, वेढे कागदावर लिहिले आणि खेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली. एक वेढा राहत होता खरा, पण तेवढ्याने काय अडतंय! सासूला ती काही बोलली नाही. बोललं की गुण जातो ना.

"तीन आठवडे कळ काढ," ती रोज फोनवर बहिणीला सांगायची. "मलाही आधी काही वाटलं नव्हतं."

सानिकाने कळ काढली. चोविसाव्या दिवशी तिच्या नवऱ्याचा, अजिंक्यचा फोन आला. सानिकाने जीव दिला होता. बाळ पाळण्यात झोपलेलं होतं.

तेरावं करून मृणाली खेडहून परतली, ती तडक स्वयंपाकघरात आली. येसूबाई सहाण धूत होत्या.

"आई, सानिकाच्या गोळ्या मी सोडायला लावल्या. तुमच्याच मुळ्या पाठवल्या."

येसूबाईंच्या हातातलं पाणी सांडलं. "काय बोलतेस गो?"

"सगळं तुमच्यासारखंच लिहिलं होतं. सात, पाच, एक. मग मी वाचले नि ती का नाही वाचली?" तिला हुंदका आवरेना. "शेवटचा वेढा तेवढा मला ठाऊक नव्हता. कसला होता तो? गुण गेला तर जाऊ दे, आता तरी सांगा!"

येसूबाईंनी कनवट सोडली आणि गोळ्यांचं अर्धं रिकामं पाकीट सहाणेवर ठेवलं.