टेबलाजवळचा पलंग

भूमिका पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

कृष्णकांतरावांना बरं वाटलं. हल्लीच्या पोरी गुडघ्याच्या आसपास हवेत हात फिरवतात आणि त्यालाच नमस्कार म्हणतात. ही तर फौजेतली नर्स, खांद्यावर कॅप्टनच्या चांदण्या, मिशाळ हवालदार हिला सलाम ठोकणार. आणि हिची दोन बोटं त्यांच्या उघड्या पावलावर नीट टेकली होती. बोटं जराशी सरकली, घोट्यामागे गेली, परत वर आली. मग दुसऱ्या पावलावर. नीलाताईंनी नवऱ्याकडे कौतुकानं पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या वाट्याचा नमस्कार मात्र चटकन उरकला. ही तफावत कृष्णकांतरावांच्या नजरेतून सुटली नाही. जन्मभर सरकारी हिशेब तपासलेला माणूस. त्यांनी ती लगेच आपल्या खात्यावर जमा केली.

मुलगी बघणं नावालाच होतं. पसंती त्यांच्या मुलानं, केयूरनं, कधीच परस्पर देऊन टाकली होती. मुलीच्या मनीषनगरच्या या घरी भरदुपारी कृष्णकांतराव आले होते ते अट घालायला. लग्नानंतर फौज सोडायची.

त्यांनी ती छान मऊ शब्दांत गुंडाळून मांडली. लेफ्टनंटची कॅप्टन झाली, उद्या मेजर होईल, कौतुकच आहे. पण दर पायरीला नवं गाव. खांद्यावर बढती यायची आणि घराला कुलूप. उलट फौजेत तयार झालेली नर्स म्हटल्यावर नागपुरातले खाजगी दवाखाने पायघड्या घालतील. मागणी आहे तोवर माणसानं बाजारात उतरावं. संत्र्याचंही तसंच असतं, असं त्यांनी मुद्दाम जोडलं, कारण मुलीचे वडील रामाजी नरखेडकडचे बागाईतदार होते.

रामाजी खाली बघत हसले. "पोरीले इचारा जी. तिचं तिले समजते. मले त तिच्या खांद्यावरच्या चांदण्याई मोजता येत नाही."

पोरगी कृष्णकांतरावांकडे पाहत होती, पण डोळ्यांत नव्हे, कपाळाकडे. त्यांनी रुमाल काढून घाम टिपला. पोह्यांवरची तर्री झणझणीत होती. तोंड गोड करायला त्यांनी संत्रा बर्फीचा आणखी एक तुकडा उचलला आणि रक्तातल्या साखरेची आठवण करून देणारी बायकोची नजर शिताफीनं चुकवली.

मग त्यांनी जरा फिरकी घेतली. मेजर व्हायला काय लागतं, हुशारी की वशिला?

भूमिकानं सरळ उत्तर दिलं. सेवेची वर्षं लागतात, परीक्षा लागतात, वरच्यांचा अहवाल लागतो. "आणि नजर लागते, काका."

वॉर्डात सिस्टरच्या टेबलाजवळ एक पलंग असतो, ती सांगू लागली. ज्याचं लक्षण ठीक दिसत नाही त्याला तिथे हलवायचं. जवानांना ते पक्कं ठाऊक असतं. गोळी लागली तरी न कण्हणारे गडी, पण तिकडे न्यायला लागलं की हात घट्ट धरतात. म्हणतात, मॅडम, जगह मत बदलना.

"एक जण पत्ते खेळत होता. जिंकत होता. मी म्हटलं, चला, इकडे या. तर हसला. म्हणाला, मला तर काहीच होत नाहीये."

"मग?" नीलाताईंनी विचारलं.

"दादा, गाडी बाहेर काढून ठेव," भूमिका म्हणाली. आवाज तोच, पट्टी तीच.

तिचा भाऊ अंकुश चहाचा कप धरून दारात उभा होता. "आता? काहून वं?"

"काढ तर."

त्यानं बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कप ठेवला आणि गेला. पंखा फिरत होता. कृष्णकांतरावांना रुमाल पुन्हा काढावा लागला. तो मघाचाच ओला होता.

त्यांनी घसा साफ केला. "बरं, ते फौजेचं काय ठरवलंस?"

"ते नंतर, काका. आधी तुम्ही इकडे बसा."

तिनं वेताची खुर्ची उचलून दाराशी ठेवली होती. त्यांच्या हातातली बर्फी तिनं अलगद काढून घेतली आणि दंडाला धरून त्यांना उठवलं. धरणं हळुवार होतं, पण त्यात विचारणं नव्हतं. केयूर अर्धवट उठला. तिनं नुसता हात दाखवला, तसा तो मुकाट्यानं वडिलांच्या दुसऱ्या बाजूला आला.

"तिथे वारा बरा लागतो का गं?" नीलाताई अजून हसतच होत्या.

"हो काकू."

कृष्णकांतराव खुर्चीत टेकले, तशी तिची दोन बोटं त्यांच्या मनगटावर नाडीशी टेकली, मघा पावलावर टेकली होती तशीच. छाती दुखत नव्हती. हात दुखत नव्हता. "अगं, मला तर काहीच होत नाहीये," ते हसून म्हणाले, आणि शब्द तोंडातून गेल्यावर ते कुणाचे होते हे त्यांना आठवलं.

त्यांनी मान खाली घातली. येताना त्यांनी उंबऱ्याशी सँडल कशाही भिरकावल्या होत्या. आता त्या जोडीनं नीट लावलेल्या होत्या, पुढची टोकं रस्त्याकडे. फाटकाबाहेर गाडी सुरू होऊन उभी होती.