खालच्या कपाटाची खिटी

शेजारच्या उम्म बासिलनं कॉफीचा कप घेतला आणि ओठांना न लावता तिपाईवर ठेवून दिला.

बायकांची कुजबुज थांबली. जॉर्डनच्या इर्बिद शहरात पाहुण्यानं असा कप ठेवला, की त्याला काहीतरी मागायचं असतं. ते मिळेपर्यंत तो पीत नाही. पण मयताच्या घरी, तिसऱ्या दिवशी, असं कुणी करत नाही.

"मावशी, घ्या ना," लमीस म्हणाली. तिच्या आईला मातीआड करून तीन दिवस झाले होते.

"नाही घेणार. आधी सांग, माझं काय चुकलं?"

"तुमचं?"

"एकतीस वर्षं रोज सकाळी आठला या दारातून आत आले मी. तुझी आई कॉफी करायची, मी तिला गल्लीतल्या बातम्या सांगायचे. निम्म्या खोट्या असायच्या, तिलाही ठाऊक होतं. कॉफीशिवाय तिनं कुणाला कधी उठू दिलं नाही. एकदा गॅस संपला, तर माझ्याच घरी येऊन केली आणि इथं आणून मला पाजली, बाईनं! आणि शेवटचे दोन महिने? दार वाजवलं की आतून आवाज, 'आज झोपलेय गं, उद्या ये.' झोपलेय म्हणे! पोराचं खिदळणं ऐकू येत होतं मला. मी दारावर भीक मागायला आले होते का?"

लमीसला हे नवीनच होतं. ती सातलाच शाळेत शिकवायला जायची. तिच्यामागे घरात आई आणि तिचा लहानगा सिराज, दोघंच.

नवरा कतारला कामाला गेला तेव्हा ती सिराजला घेऊन आईकडे राहायला आली होती. पोरगं सव्वादोन वर्षांचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं कपाटातली डांबरगोळी तोंडात घातली. फरशी पुसायचं औषध आई पाण्याच्या बाटलीत ठेवायची, ती बाटली उचलली. मग कॉफीचं भांडं ओढलं आणि मनगटावर बोराएवढा फोड आला.

"आई, तुला तो झेपत नसेल तर सांग," लमीस म्हणाली होती. "पाळणाघरात घालते त्याला."

"झेपतो," आई घाईनं म्हणाली. "न झेपायला काय झालंय?"

त्या संध्याकाळी लमीसनं घरभर प्लॅस्टिकच्या खिट्या बसवल्या. शेगडीजवळच्या खालच्या कपाटाला सगळ्यात आधी. आईचे हात खांद्याच्या वर जात नसत, त्यामुळे कॉफीचा डबा, भांडं, कप, काडेपेटी, सगळं तिथंच असायचं. आईनं आल्याच्या गड्ड्यासारख्या वाकड्या बोटांनी ती खिटी चाचपून पाहिली.

"तुरुंग झाला की गं. कैदी कोण, तेवढं ठरव."

दोन दिवसांत सिराज ती खिटी उघडायला शिकला. लमीस दुपारी घरी आली की कपाट उघडं दिसायचं. त्याच्या खिशात बेदाणे सापडायचे. एकदा तिनं त्याच्या हातावर चापट मारली. तो रडत आजीकडे बोट दाखवू लागला, "तेता! तेता!"

"उद्योग स्वतः करायचे आणि नाव तेताचं?"

आई मसूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी लमीसनं भारी खिटी आणली. दोन्ही बाजू अंगठ्यांनी एकदम दाबायच्या आणि दाबलेल्या असतानाच ओढायची. सिराजनं खूप झटापट केली, शेवटी कपाटाला लाथ मारून निघून गेला. लमीस हसली.

आई दारात उभी होती. "छान," ती म्हणाली. "आता कुणालाच उघडायची नाही."

लमीसला ती शाबासकी वाटली.

त्याच आठवड्यात आईनं कॉफी सोडली. रक्तदाब वाढतो, म्हणाली. डॉक्टर दहा वर्षं सांगून थकले होते. लमीसला इतका आनंद झाला, की तिनं शाळेतही सगळ्यांना सांगितलं.

"मला खरंच ठाऊक नाही, मावशी," ती आता म्हणाली. "तिनं तुमच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही."

"चांगला तरी काढला का?"

उम्म बासिलनं ओढणी सावरली आणि गुडघ्यांवर हात टेकून ती उठू लागली. कप भरलेला तसाच होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सिराज आला. नुकताच झोपेतून उठलेला, केस विस्कटलेले. त्यानं उम्म बासिलकडे पाहिलं. दोन महिन्यांनी दिसत होती ती. त्याचा चेहरा उजळला, आणि तो उलट्या पावली स्वयंपाकघराकडे पळाला.

आतून खडखड ऐकू आली.

"सिराज! पुन्हा?" लमीस उठून धावली. मागोमाग उम्म बासिल.

तो खालच्या कपाटापुढे पाय फाकवून बसला होता, रोजच्या कामाला बसावं तसा. शेजारी आईचं बुटकं स्टूल होतं, ज्यावर बसून ती कॉफी काढायची. दोन्ही अंगठे त्यानं खिटीवर रोवले होते. चेहरा लालबुंद झाला होता. अंगठे घसरले. पुन्हा लावले. पुन्हा घसरले.

त्यानं एक हात खिटीवर तसाच ठेवला. दुसऱ्या हाताचा तळवा सवयीनं बेदाण्यांसाठी स्टुलाकडे पुढे केला आणि हळूच मिटून घेतला. मग रिकाम्या स्टुलाकडे वळून तो अपराध्यासारखा म्हणाला,

"तेता, बाशिल आली. नाही उघडत."