नऊ नंबरचा पेपर

"नऊ नंबरकडे जरा लक्ष असू द्या," प्रमुख म्हणाले आणि त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. "घरचंच माणूस आहे."

कोशकारांना अंगावर पाल पडल्यासारखं झालं. उत्तरपत्रिकांचं बंडल आत्ता कुठे त्यांच्या हातात आलं होतं, तेही दोन दिवस उशिरा. प्रमुखांनी ते ‘सहज चाळायला’ घरी नेलं होतं.

"पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर असतो," कोशकार म्हणाले. "तो कशासाठी, माहीत आहे ना?"

"म्हणून तर नंबर सांगतोय." प्रमुख गोड हसले.

शब्दकोशाच्या कचेरीत जागा एकच निघाली होती, आणि ती कोशकारांचीच होती. तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. अकरा वर्षं खपून त्यांनी कोश ‘भ’पर्यंत आणला होता. पुढचं सगळं त्यांच्या खुर्चीत बसेल त्याच्या हाती जायचं होतं. तिथे कुणी ठोंब्या येऊन बसला तर झाल्या कामाचंही वाटोळं होईल, एवढी एकच धास्ती त्यांना होती. म्हणून परीक्षेचा प्रश्न त्यांनी स्वतः काढला होता: भरती, निवड, नेमणूक, नियुक्ती, वर्णी या शब्दांतला फरक सांगा आणि ते वाक्यांत वापरून दाखवा. परीक्षेच्या दिवसापर्यंत प्रश्नपत्रिका प्रमुखांच्या कपाटात कुलूपबंद होती.

रविवारी दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर बंडल सोडलं. नऊ नंबर मुद्दाम तळाशी ठेवला.

पेपर यथातथाच होते. एकाने नियुक्ती म्हणजे ‘मोठ्या माणसाची नेमणूक’ असं ठोकून दिलं होतं. दुसरा सगळे शब्द एकाच अर्थाचे ठरवून मोकळा झाला होता. त्यातल्या त्यात चौदा नंबर बरा होता. व्याख्या चोख, वाक्यं सरळ, कुठे खाडाखोड नाही, अगदी धुतल्या तांदळासारखा पेपर. वाचताना जांभया येत होत्या, पण बोट ठेवायला जागा नव्हती.

मग नऊ नंबर. तिसऱ्याच वाक्याला कोशकार खुदकन हसले.

‘गोदामात साठ हमालांची भरती झाली. त्यांतल्या एकाची मालाच्या मोजणीसाठी निवड झाली, दुसऱ्याची मुकादम म्हणून नेमणूक झाली. वर्णी मात्र मालकाच्या मेव्हण्याची लागली. त्याने काय काम करायचं, ते अजून ठरलेलं नाही.’

खाली न विचारता आणखी एक ओळ जोडली होती: ‘नोकरीला चिकटवणे हा प्रयोग कोशात नसला, तरी कचेरीत असतो.’

एवढ्या वर्षांत असं लिहिणारं कुणी त्यांना भेटलं नव्हतं. क्षणभर त्यांना फार बरं वाटलं. मग हा नऊ नंबर आहे, हे आठवलं.

त्यांना शिसारी आली. म्हणजे प्रश्न फुटला होता. कुणातरी जाणत्याला गाठून उत्तर लिहून घेतलं होतं, आणि वर पुन्हा मेव्हण्याच्या वर्णीची थट्टा. निर्लज्जपणाची कमाल होती. त्यांनी पेपर दोन बोटांत धरून बाजूला सारला.

"तोंड का असं कडू झालंय?" बायकोने विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. तिने हात पुसले, पेपर उचलला, वाचला, आणि तीही हसली.

"अहो, पाठ करून आलेला माणूस एवढी खाडाखोड कशाला करेल? हे वाक्य तीनदा खोडलंय बघा. तिथे बसून विचार केलेला दिसतोय."

"तेही नाटकच."

"तुमच्या जागेवर असं माणूस आलं तर बरंच की. कुणाचं का असेना."

"वशिल्याचं माणूस माझ्या खुर्चीत? मला किळस येते. सगळी कचेरी नासली, आता माझी खुर्ची तेवढी राहिली होती."

"मग करा तुमच्या मनासारखं," ती म्हणाली आणि आत गेली.

कोशकारांनी लाल पेन उघडलं. नऊ नंबरमध्ये चुका शोधाव्या लागल्या, पण शोधायला बसल्यावर त्या सापडतातच. अक्षर गचाळ. व्याख्या अपुऱ्या. विषयांतर. थट्टेखोर सूर कोशाला न शोभणारा. शंभरात एकतीस. आकडा लिहिताना हात जरा अडखळला, कारण तो मेव्हणा अजून डोक्यात घोळत होता. पण आयुष्यभर कुणाच्या शब्दाला न वाकलेला माणूस जाता जाता वाकला, असं कुणी म्हणायला नको होतं. चौदा नंबरला त्यांनी ब्याऐंशी दिले.

सोमवारी गुणांची यादी पाहून प्रमुखांचा चेहरा पडला.

"एकतीस? अहो, मी शब्द टाकला होता."

"म्हणूनच."

"पुन्हा एकदा बघता का?"

"बघितलं. हवं तर माझी वर तक्रार करा."

प्रमुखांनी सुस्कारा टाकला. "तुमच्यापुढे कुणाचं चाललंय," म्हणत त्यांनी सही केली. कोशकार ताठ मानेने बाहेर आले. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला आणि दोन्ही वेळा सगळ्यांना हा किस्सा ऐकवला.

पंधरा दिवसांनी चौदा नंबर रुजू झाला. प्रमुख स्वतः त्याला घेऊन आले. तरुण नीटनेटका होता, बूट चकचकीत होते. कोशकारांनी ‘भ’च्या चिठ्ठ्यांची पेटी त्याच्यापुढे ठेवली आणि सहज विचारलं, "‘भरती’खाली खोगीरभरती येते, तिला आपण उदाहरण काय द्यायचं?"

त्याने पेटीकडे पाहिलं, मग प्रमुखांकडे पाहिलं, आणि तो नुसता हसत राहिला.

"शिकेल हळूहळू," प्रमुख म्हणाले. "घरी मुलगी घेईलच त्याची तयारी करून. आमचे जावई हे."

कोशकारांनी पेटी पुन्हा आपल्याकडे ओढली.

"आणि तो नऊ नंबर?" त्यांनी विचारलं. "तो तुमचा कोण?"

"नऊ? कुणास ठाऊक," प्रमुख म्हणाले. "पेपर तेवढा सगळ्यांत चांगला होता."