पाखरीचा खोकला

डॉक्टर निकमांनी पाखरी घोडीच्या नाकपुड्यांवर पिशवी धरली. तिला चांगली धाप लागू दिली, मग पिशवी काढून छातीला नळी लावली. मोठमोठे श्वास आत-बाहेर होत होते. कुठे घरघर नाही की शिट्टी नाही.

"जगंल का, तेवढं सांगा," नाथाजी म्हणाला.

सांगलीत टांगा हाकण्याआधी नाथाजीने फौजेत तोफखान्याची खेचरं सांभाळली होती. तोफांनी त्याचा डावा कान पार नेला होता, उजवा अर्धामुर्धा उरला होता. जनावरांच्या बाबतीत तो कुणाचं ऐकून घेत नसे. तसंही फारसं ऐकू येत नसेच.

डॉक्टरांनी घोडीचा गळा दाबला. छातीत दोष असलेलं जनावर एवढ्यानेही ढास लागून बेजार होतं. पाखरीने नुसती मान झटकली.

"नाथाजी, ही खोकत नाही," डॉक्टर त्याच्या उजव्या कानाशी ओरडले.

"आवं, रोज रातीला खोकती! भिंतीपल्याड निजतो न्हवं मी? रंगूबाई तर हितं तिच्यापाशीच निजती. मी अडुळशाचा काढा करून ठिवतो, ती पाजती. पर उतार कसा तो न्हाई."

डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. तेवढ्यात ढास ऐकू आली. खोल, ओली, थांबता थांबेना.

"बगा! आता तरी पटलं?" नाथाजीने घोडीकडे बोट दाखवलं.

नळीखालची छाती शांत होती. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. तबेल्याच्या दाराआड नाथाजीची बायको रंगूबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी होती. हातात काढ्याचं रिकामं भांडं होतं.

नाथाजी वैरण आणायला वळला.

"मी जनावरांचा डॉक्टर, बाई," निकम हळूच म्हणाले. "पण हा खोकला मलाही कळतो. मिरजेच्या क्षयाच्या दवाखान्यात जायला हवं."

"थोरल्या जावंला मिरजंलाच न्हेलं हुतं. परत आली न्हाई ती." रंगूबाईचे डोळे भरले. "ह्यास्नी सांगू नगा."

"तेव्हा औषध नव्हतं. आता आहे. मी सांगू, की तुम्ही सांगता?"

डॉक्टरांना तिची दया आली आणि रागही आला. वैरण घेऊन आलेल्या नाथाजीच्या कानाशी ते गेले.

"टांगा जोडा. मिरजेला जायचंय."

नाथाजीचा चेहरा उतरला. "म्हंजी लयच बिघडलंय." तो पाखरीच्या गळ्याला बिलगला. "मग टांग्याला कशाला? चालवत न्हेतो की. दम लागंल तिला."

रंगूबाई पुढे आली. तिने घोडीच्या पाठीवरचं कांबळं ओढलं, अंगाभोवती गुंडाळलं आणि टांग्यात मागे जाऊन बसली.

"आगं, तिचं कांबळं घिऊन तू कुठं निघालीस?"

उत्तराऐवजी टांग्यातून ढास ऐकू आली. नाथाजीचा हात अजून पाखरीच्या गळ्यावर होता. गळा हलला नाही.