अभिमन्यूनं लावलेलं दार

“दार उघड, अभिमन्यू, न्हायतर तंगडं मोडून हातात दीन!”

आबासाहेबांनी तिसऱ्यांदा काठी दारावर हाणली. आतून कडी होती. कडीमागं ज्वारीची पोतीही रचली असावीत, कारण दार इंचभर हलून पुन्हा जागेवर यायचं. भर दुपारी अख्खी आळी अंगणात जमली होती आणि आबासाहेबांना सख्ख्या पुतण्याची लाज वाटत होती.

दोन दिवस झाले, ह्या गड्यानं चार महिन्यांच्या गरोदर बायकोला घरात कोंडून घेतलं होतं. जन्मदात्या आईलासुद्धा आत घेत नव्हता. पायलचं रडणं तेवढं बाहेर ऐकू यायचं.

वच्छलाताई ओट्याखाली उभ्या होत्या. गावच्या ‘आशा’ सेविका. माता-बाल आरोग्याचं सगळं काम त्यांच्याकडं. आठ वर्षांत बाईनं गावात एक बाळंतपण घरी होऊ दिलं नव्हतं. बाळाची सुई असो की गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्या, ताई म्हणतील ती पूर्व दिशा.

“परवा मीच तपासून आणली तिला,” त्या म्हणाल्या. “आज न्यायलाच पायजे, आबा. उद्यावर टाकण्यात अर्थ न्हाई. म्हणून तर जीप घेऊन आले.”

“सरकारी गाडी न्हाई आली?”

“तिची वाट बघत बसलो तर झालं मग.”

अभिमन्यूची आई, यशोदावहिनी, पदर तोंडाला लावून पुढं आल्या. “भावजी, आता तुमीच काय ते करा. माझं ऐकत न्हाई त्यो.”

आबासाहेबांनी काठी भुईवर टेकली. पहिली अंकिता झाली, ती आता तीन वर्षांची. मागल्या साली पायलला पुन्हा दिवस गेले. तेव्हाही धावपळ ताईंनीच केली होती, पण पोर रिकाम्या ओटीनं परत आली. पोटातच गेलं म्हणाले. तेव्हापासून अभिमन्यूचं डोकं फिरलं. ताईंचं नाव काढलं की कुऱ्हाड घेऊन उठायचा. दुःख कळतं हो माणसाला, पण म्हणून जित्या बायकोला दाराआड मरू द्यायचं? ते काही नाही! मागच्या खेपेला आबासाहेब लांबून बघत राहिले होते. ह्या खेपेला त्यांना दोन्ही जीव हवे होते, पायलचा आणि तिच्या पोटातला.

“युवराज, पहार आण रं.”

शेजारच्या युवराजनं पहार घातली. दोन घावांत बिजागरी निखळली, पोती आत कलंडली. अभिमन्यू कुऱ्हाड धरून उभा होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. त्याच्या पाठीमागं पायल भिंतीला चिकटून बसली होती.

“आबा, तुमी मागं सरा! तुमच्यावर हात उचलाय लावू नगा. ही बया माझं लेकरू खाईल!”

“अरं गाढवा, लेकरासाठीच आलीया ती!”

वच्छलाताईंनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि कुऱ्हाड उठली. पातं ताईंच्या दंडावरून ओझरतं गेलं, लुगडं रक्तानं भिजलं. बाया किंचाळल्या. मग मात्र आबासाहेबांचं भान सुटलं. त्यांनी काठी दोन्ही हातांनी उचलून पोराच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“आबा, ऐका तरी! ही हिला कुटं नेतीया ते...”

दुसरा फटका तोंडावर बसला. दोन दात मातीत पडले. मग सगळेच तुटून पडले. लाथा, बुक्क्या, चपला, हाताला येईल ते. ज्याला खांद्यावर बसवून आबासाहेबांनी जत्रा दाखवली होती, तो भुईवर लोळत त्यांचा पाय धरत होता. तोंडात रक्त भरलेलं, शब्द काही उमटेना. त्यांनी पाय झटकून सोडवून घेतला. युवराजनं दावं आणलं. पोराला गोठ्यातल्या खांबाला बांधलं, तेव्हा आबासाहेबांना रडू फुटलं. तरी गाठ त्यांनीच मारली.

पायलचे पाय उचलत नव्हते. यशोदावहिनींनी तिला काखेत धरून जीपमध्ये चढवलं. “तुमीबी जावा संगं,” त्या आबासाहेबांना म्हणाल्या. ताई दंडाला रुमाल बांधून ड्रायव्हरशेजारी बसल्या.

डाळिंबाच्या बागा मागं पडू लागल्या. पायलनं चुलत सासऱ्याचा हात गच्च धरला होता.

“मामंजी, परत चला की. तुमच्या पाया पडते.”

“भिऊ नगं, पोरी. म्या हाय न्हवं. तुज्या केसाला धक्का लागू द्यायचा न्हाई.”

ती ओठ चावून रडत राहिली. आबासाहेबांच्या बाहीवर अभिमन्यूचं रक्त वाळत होतं. तिकडं बघवत नव्हतं. हाडं जुळतात, ते मनाशी म्हणत होते. एकदा बाळ मांडीवर ठेवलं की पोरगं आपोआप निवळेल. बारशाला आपणच त्याची समजूत काढू, माफी मागायला लागली तरी मागू.

सांगोला आलं. सरकारी दवाखान्याची कमान दिसली, तसे ते उतरायच्या बेतानं पुढं सरकले. जीप थांबली नाही.

“आवो ताई, दवाखाना मागं ऱ्हायला की!”

वच्छलाताईंनी मान वळवली. आवाज नेहमीसारखाच मायेचा होता.

“तितं हे काम करत्यात व्हय, आबा? पर तुमचं उपकार लई झालं. मागल्या खेपंला त्यो घरात नव्हता म्हणून भागलं. आज तुमी त्याला आवरला नसता, तर ही दुसरीबी पोरगीच पदरात पडली असती.”